दातांचं निमित्त

माझ्या आजीला सात मुले झाली. त्यांतली पाच जगली. गेलेल्या दोघांविषयी ती फारसे बोलत नसे. दुसरा मुलगा देवीने गेला, एवढे ती सांगे. तिसऱ्या मुलीविषयी विचारले की चार शब्दांत उत्तर येई, ‘‘तिला दातांचं निमित्त झालं.’’ मुलगी नऊ महिन्यांची होती. खालचे दोन दात आले होते, वरचे येऊ घातले होते. ताप आला, ढाळ सुरू झाले आणि चौथ्या दिवशी ती गेली. या उत्तरात काही अपुरे आहे असे घरात कोणालाच कधी वाटले नाही. दात येताना मूल आजारी पडते आणि एखादे त्यातून उठत नाही, हे सगळ्यांनी धरूनच चालले होते.

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. जुनी कागदपत्रे आणि जुन्या पोथ्या वाचण्याचा मला नाद आहे, इतकेच. आजीचे ते वाक्य मला पुन्हा भेटले ते इंग्लंडमधल्या मृत्युनोंदींविषयी वाचत असताना. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ साली सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८३९ मध्ये, तेथे ५,०१६ मृत्यूंपुढे कारण म्हणून ‘दात येणे’ असे लिहिलेले आढळते. १८४२ च्या अहवालात लंडन शहराचे आकडे आहेत : वर्षाच्या आत दगावलेल्या मुलांपैकी ४.८ टक्के आणि एक ते तीन वर्षांच्या दगावलेल्या मुलांपैकी ७.३ टक्के मुले दातांनी गेली. आजीचे जे बोलणे मी खेड्यातल्या बायकांचा समज म्हणून सोडून दिले होते, तेच लंडनच्या दप्तरात सहीशिक्क्यानिशी नोंदलेले होते.

‘निमित्त’ आणि ‘कारण’ हे दोन शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. दातांच्या बाबतीत जगभरातल्या जाणत्यांनीही हजारो वर्षे तेच केले. निमित्ताला कारण समजल्यामुळे बाळांचे काय काय झाले, याचा हा शोध.

*

आपल्याकडचा दातांविषयीचा सर्वांत तपशीलवार जुना विचार काश्यपसंहितेत आहे. बालरोगांना वाहिलेला हा ग्रंथ शतकानुशतके नावापुरताच उरला होता. नेपाळात त्याची खंडित पोथी मिळाली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो प्रसिद्ध केला. त्याच्या सूत्रस्थानातला एक अध्याय केवळ दंतजन्माविषयी आहे. चौथ्या महिन्यात आलेले दात दुबळे असतात, लवकर पडतात. आठव्या महिन्यात आलेले सर्वगुणसंपन्न, असे काश्यप सांगतो. मुलींचे दात कमी त्रासाने येतात, कारण ते आतून पोकळ आणि हिरड्या मऊ. मुलग्यांना अधिक सोसावे लागते, असेही त्याचे निरीक्षण आहे. वरचे दात आधी येणे त्याने अशुभ मानले आहे. वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट, असे आपल्या घरांतून आजही ऐकू येते. त्या समजाचे मूळ किती खोल गेले आहे ते यावरून दिसते.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात याच विषयाला हात घातला आहे. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली मुंबईत हा ग्रंथ संपादून छापला आणि पुढे डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भटा’मुळे तो मराठी घरांत पोचला. वाग्भटाच्या मते दात येणे हे बाळाच्या सगळ्याच रोगांचे मूळ. विशेषतः ताप, जुलाब, खोकला, ओकारी यांचे. पाठ मोडलेल्या मांजराची आणि तुरा फुटणाऱ्या मोराची उपमा देऊन तो म्हणतो की दात येणाऱ्या बाळाचेही तसेच होते, दुखायचे असे त्याचे एकही अंग राहत नाही. उपचार म्हणून पिंपळीचे चूर्ण किंवा धायटीची फुले आणि आवळा यांचे चूर्ण मधात कालवून हिरड्यांना चोळायला तो सांगतो.

एवढ्यावर तो थांबला असता तर त्याची गणना इतरांतच झाली असती. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यानेही दात येण्याच्या काळात ताप, आचके आणि जुलाब होतात असे नोंदून ठेवले होते. दोषारोप सर्वत्र सारखाच होता. पण वाग्भटाने त्याच अध्यायात पुढे एक वेगळी गोष्ट सांगितली. दातांमुळे होणाऱ्या विकारांत बाळाला पथ्यपाण्याने आणि औषधोपचाराने फार जखडून टाकू नये. दात बाहेर आले की हे विकार आपोआप शमतात. रोगाचे खापर दातांवर फोडणाऱ्यानेच उपचारकर्त्याचा हातही धरून ठेवला. हा संयम पुढच्या काळात इतरत्र फारसा कोणाला दाखवता आला नाही.

*

युरोपात सोळाव्या शतकात आंब्र्वाझ पारे नावाचा फ्रेंच शल्यविशारद होऊन गेला. एका सरदाराचे आठ महिन्यांचे मूल दगावले आणि त्याच्या मृत्यूचे कारण शोधायला त्याला बोलावले गेले. त्याने हिरड्या कापून पाहिल्या. आत दात वर यायला तयार होऊन बसलेले दिसले. पारेने निष्कर्ष काढला की हिरडी फाटली नाही म्हणून मूल मेले. वेळीच चीर दिली असती तर ते वाचले असते. वास्तविक आठ महिन्यांच्या कोणत्याही मुलाची हिरडी कापली तर आत दात दिसणारच. पण त्या एका शवपरीक्षेने बाळाच्या हिरड्यांना चीर देण्याच्या उपचाराला प्रतिष्ठा मिळाली आणि पुढली तीनशे वर्षे तो चालला.

एकोणिसाव्या शतकात मार्शल हॉल हा इंग्लंडमधला मोठा शरीरशास्त्रज्ञ होता. मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे त्याचे काम आजही मानले जाते. गरज असताना एकदा हिरडी कापायची राहून जाण्यापेक्षा ती १९९ वेळा विनाकारण कापलेली बरी, असे त्याचे मत होते. भूल नाही, शस्त्र उकळून घेण्याची पद्धत नाही, आणि समोर आधीच जुलाबांनी गळलेले मूल. कानामागे जळवा लावणे आणि अंगावर डाग देऊन फोड आणणे हे त्याच्याच जोडीचे उपचार.

दुसरा मार्ग औषधाचा. चार्लोट विन्स्लो या बाईंच्या नावाने निघालेले एक ‘शामक सरबत’ अमेरिकेत १८४९ पासून बाटलीत मिळू लागले. दात येणाऱ्या बाळांसाठी म्हणून त्याची जाहिरात होई. एका औंसात, म्हणजे सुमारे तीस मिलिलिटरमध्ये, ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन असे. बाळ शांत होई यात नवल नव्हते. काही बाळे कायमचीच शांत होत. सरबताचे नाव इतके घरोघर झाले होते की एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराने तरुणपणी वाद्यांसाठी रचलेल्या एका संथ तुकड्याला गमतीने तेच नाव दिले. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने औषधांतल्या घातक पदार्थांची नावे बाटलीवर छापणे बंधनकारक केले, तेव्हा आत काय आहे ते आयांना कळले. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याची गणना बालघातक औषधांत केली.

*

अफूचा हा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. फरक इतकाच की येथे बाटली नव्हती, गोळी होती. तिला ‘बाळगोळी’ म्हणत. दात येताना बाळ किरकिरे होते, रात्र रात्र जागते. त्यासाठी ती दिली जाई. जुलाबांसाठीही दिली जाई, कारण अफूने आतडे मंदावते आणि जुलाब खरोखर थांबल्यासारखे वाटतात. पण गिरणगावात तिचे मुख्य काम निराळेच होते. आई सकाळी गिरणीत शिरली की बाळाने संध्याकाळपर्यंत झोपून राहावे, हे ते काम. १९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये एक आकडा छापून आला. गिरण्या-कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, असे त्यात म्हटले होते.

हा आकडा वाचून त्या आयांना दोष देणे सोपे आहे. त्या काळच्या अनेक अहवालांनी तेच केले. अडाणीपणा, रूढी असे शब्द वापरले. पण विन्स्लोबाईंचे सरबत घेणारी न्यूयॉर्कची शिकलेली आई आणि गोळी घेणारी लालबागची कामगारीण यांत खरा फरक होता तो पर्यायांचा. एकीला रात्रीची झोप हवी होती. दुसरीला दिवसाची मजुरी सोडणे परवडत नव्हते आणि बाळाला सांभाळायला घरी कोणी नव्हते. बाळगोळीवर खरा उतारा औषधाच्या दुकानात नव्हताच. बाळंतपणाची रजा आणि त्या काळातला भत्ता हा त्यावरचा उतारा होता. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. दात येण्याच्या इतिहासात कामगार कायद्याला जागा मिळावी हे विचित्र वाटेल. पण बाळ किरकिर करते तेव्हा त्याला मांडीवर घ्यायला कोणीतरी घरी असावे लागते, आणि असे कोणी असणे ही तेव्हाही पैशाची बाब होती, आजही आहे.

*

तिसऱ्या औषधाची गोष्ट या सगळ्यांत चमत्कारिक आहे. इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियात दात येणाऱ्या मुलांना पांढरी पूड देण्याचा प्रघात होता. तिचा मुख्य घटक कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टरांना एक नवाच बालरोग दिसू लागला. १९१४ मध्ये ॲडलेडच्या स्विफ्ट यांनी त्याचे वर्णन केले. मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटत, घाम सुटत राही, उजेड सोसत नसे; मूल सतत कण्हत असे आणि त्याला कशानेच बरे वाटत नसे. लाळ गळे, हिरड्या सुजत, आणि पुढे नुकते आलेले दात हलून पडत. याला ‘गुलाबी रोग’ म्हणत. कोणी जीवनसत्त्वांची उणीव सांगितली, कोणी जंतुसंसर्ग.

१९४८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे जोसेफ वार्कनी आणि डोनाल्ड हबर्ड यांनी अशा मुलांचे मूत्र तपासले तेव्हा त्यात पारा सापडला. रोगाचे मूळ औषधातच होते. मूल किरकिर करते, लाळ गाळते, म्हणजे दातांनी बेजार झाले आहे. मग आणखी पूड द्या. पुडीने किरकिर आणि लाळ दोन्ही वाढत, आणि दातांवरचा संशय अधिकच बळावे. ब्रिटिश उत्पादकांनी १९५४ च्या सुमारास या पुडींतून पारा काढून टाकला आणि काही वर्षांतच हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. औषध थांबवले आणि साथ ओसरली, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल.

हे सारे जुन्या काळचे अज्ञान म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २००८ च्या अखेरीस नायजेरियात दात येणाऱ्या बाळांसाठीच्या एका गोड औषधात गाड्यांच्या इंजिनात वापरले जाणारे डायएथिलीन ग्लायकॉल मिसळले गेले. ८४ मुले दगावल्याची नोंद आहे. हिरड्या बधिर करणाऱ्या बेन्झोकेनच्या मलमाने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांसाठी ते विकू नये असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली बजावले. त्याच वर्षी अंबराच्या मण्यांच्या माळांविषयीही इशारा द्यावा लागला, कारण अशा माळेने झोपेत गळा आवळून एक मूल गेले होते.

आपल्या घरच्या सहाणेकडेही याच नजरेने पाहायला हवे. बाळगुटीत उगाळायची हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, अतिविष, जायफळ ही यादी आपल्याला पाठ असते. दातांसाठी म्हणून डिकेमालीही असते. ‘एक वेढा, दोन वेढे’ हे प्रमाण आजीच्या हाताला ठाऊक असे, आणि मात्रा जपली पाहिजे याची ती जाणीव होती. पण सहाण न धुता, कच्च्या पाण्यात उगाळलेली गुटी जुलाब थांबवण्याऐवजी आणूही शकते. टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना लावण्याची रीत तर निश्चितच सोडून द्यावी अशी. ब्रिटनमध्ये मध आणि टाकणखार लावलेली चोखणी चोखणाऱ्या सात बाळांना आकडी आल्याची हकिगत १९८३ साली तिथल्या बालरोगविषयक नियतकालिकात छापून आली. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही देऊ नये, कारण त्यातल्या एका जंतूने लुळेपणा येऊ शकतो.

*

मग दात येताना खरोखर होते तरी काय? २००० साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १२५ बाळांच्या आईवडिलांनी रोज ताप मोजून आणि लक्षणे टिपून ठेवली. ४७५ दात येतानाच्या या नोंदी आहेत. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, अशा आठ दिवसांत बाळे जास्त चावत होती, लाळ गाळत होती, हिरड्या आणि कान चोळत होती. चिडचिड होती, झोपमोड होती, घट्ट अन्नावरची वासना कमी होती, किंचित कणकणही होती. पण जोराचा ताप, जुलाब, ओकारी, खोकला यांचा दात येण्याशी संबंध दिसला नाही. सौम्य लक्षणांपैकीही एखादे पस्तीस टक्क्यांहून अधिक बाळांत आढळले नाही.

गोंधळ कशाने झाला हेही आता सांगता येते. सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत वीस दात यायचे असतात. म्हणजे या काळात बाळ केव्हाही आजारी पडले तरी कोणता ना कोणता दात वाटेवर असतोच. आईकडून जन्मापूर्वी मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरते. बाळ याच सुमारास रांगू लागते आणि सापडेल ते तोंडात घालते. उष्टावण होऊन वरचे अन्नपाणी सुरू होते तेही याच वेळी. आजार येतो तो हातातून, वाटीतून, पाण्यातून. दिसतो मात्र दात. पांढरे टोक समोर असते, जंतू दिसत नाहीत.

खऱ्या त्रासावरचा उपायही म्हणून साधाच उरतो. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलके चोळावी. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके थंड करून चावायला द्यावे. तुकडा पडणार नाही असे, घशात न जाणारे काहीतरी हातात द्यावे. लाळेरे ओले झाले की बदलावे, हनुवटी कोरडी ठेवावी. आणि बाळाला उचलून घ्यावे. बाळाला जखडू नका, हे आपोआप शमेल, असे सांगणारा वाग्भट येथे आजच्या बालरोगतज्ज्ञांच्या अगदी जवळ येतो.

पण येथेच आजीची तिसरी मुलगी आडवी येते. तिच्या हिरड्यांना कोणी चीर दिली नव्हती, अफू दिली नव्हती, पारा दिला नव्हता. आजी थांबली होती. दातांचे ढाळ आहेत, दात आले की थांबतील, असे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी सांगितले. पाणी दिले की ढाळ वाढतात म्हणून पाणीही तोडले होते. हे आजीने मला फक्त एकदाच सांगितले, तेही मी मोठा झाल्यावर. वाग्भटाचा सल्ला दातांपुरता खरा होता. पण त्रास दातांचाच आहे, हे आधी ठरले पाहिजे. ते चुकले की उपचाराची घाई जितकी घातक, तितकेच थांबून राहणेही.

ढाळाने मूल जाते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती देऊन पाजायला लावले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जलसंजीवनी त्यानंतर घरोघर पोचली. आजीची मुलगी त्याच्या कितीतरी आधी गेली.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीच्या बाळाला जुलाब झाले. बाळ दहा महिन्यांचे, वरचे दोन दात नुकतेच टोकावर आलेले. घरात कोणीतरी म्हणालेच, ‘‘दातांचे असतील, होईल बरं.’’ पुतणी काही बोलली नाही. तिने जलसंजीवनीची पुडी फोडली, उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ती कालवली आणि बाळाला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने पाजू लागली. अंगावरचे दूध चालूच ठेवले आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे नेऊन आणले. तीन दिवसांनी जुलाब थांबले. दात त्यानंतर आठवड्याने आले.